उभा फोटो, आडवा नियम

मराठी समीक्षेने आजवर कथा, कविता, कादंबरी आणि नाटक यांचा पुरेसा समाचार घेतला आहे. प्रस्तावना आणि अर्पणपत्रिकाही तिच्या हातून सुटलेल्या नाहीत. एक वाङ्मयप्रकार मात्र अजून तिच्या नजरेतून निसटलेला आहे, आणि तो म्हणजे छायाचित्र-स्पर्धेची नियमावली. हा आमच्या उपनगरांवर सरळसरळ अन्याय आहे. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत हल्ली कादंबरीपेक्षा नियमावली वाचणारे लोक जास्त असावेत अशी मला दाट शंका आहे. रविवारी सकाळी नॅशनल पार्कच्या फाटकाशी उभं राहून पाहा. भांडुपच्या खाडीवर फ्लेमिंगो उतरले की काठावर ट्रायपॉड असे गर्दी करतात, की पाण्यातले पाय कुठले आणि काठावरचे कुठले हे लांबून सांगता येऊ नये. ही सगळी मंडळी घरी येतात, बूट काढतात, आणि अंघोळीच्याही आधी नियमावली उघडतात.

तेव्हा आज आपण या वाङ्मयप्रकाराचं रसग्रहण करू.

नियमावलीत नऊच्या नऊ रस असतात. सुरुवातीला वीररस: 'हौशी छायाचित्रकारांना आंतरराष्ट्रीय व्यासपीठ'. मग बक्षिसांची यादी, तो शृंगार. त्यानंतर प्रवेश शुल्क, तिथे करुण. 'पाठवलेल्या छायाचित्रांवर आयोजकांचा कायमचा हक्क राहील' हे वाक्य आलं की भयानक. 'परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील आणि त्याबाबत पत्रव्यवहार केला जाणार नाही' हा शेवटचा शांतरस. ज्ञानी माणसाला तिथे मुक्ती मिळते. पण या सगळ्यांच्या मधोमध, बहुधा सातव्या-आठव्या कलमात, एक अद्भुतरस दडलेला असतो. ते कलम असं: छायाचित्राची रुंदी १९२० पिक्सेलपेक्षा आणि उंची १०८० पिक्सेलपेक्षा जास्त नसावी, फाइल जेपीईजी असावी, आणि ती दोन एमबीच्या आत असावी.

वाक्य साधं आहे. ग्रेसांच्या कवितेसारखं ते चकवत नाही. पण समीक्षकाने साध्या वाक्याला जास्त भ्यावं, असं माझं मत आहे.

आधी हिशेब पाहू. आजच्या मध्यम प्रतीच्या कॅमेऱ्यातून निघणारा फोटो साधारण ६००० गुणिले ४००० पिक्सेलचा असतो. म्हणजे दोन कोटी चाळीस लाख ठिपके. तो या कलमाच्या चौकटीत बसवायचा तर १६२० गुणिले १०८० असा होतो. म्हणजे सतरा लाख एकोणपन्नास हजार सहाशे. दोन कोटी चाळीस लाखांचे साडेसतरा लाख! बोरिवलीत जागेचे व्यवहार करणाऱ्या माणसालाही इतकी घासाघीस जमलेली नाही. मूळच्या जवळजवळ चौदा ठिपक्यांमागे एक ठिपका उरतो. संगणक त्या चौदा जणांची सरासरी काढतो आणि एकच ठराव एकमताने मंजूर झाला असं जाहीर करतो. सोसायटीच्या वार्षिक सभेत याहून वेगळं काही घडत नाही, त्यामुळे आपल्याला त्याचं वाईट वाटायचं कारण नाही.

आता तोच कॅमेरा उभा धरा. फोटो झाला ४००० गुणिले ६०००. ठिपके तेवढेच, दोन कोटी चाळीस लाख. पण कलमाने उंचीवर १०८०चं छत घातलेलं आहे. मग फोटो होतो ७२० गुणिले १०८०. म्हणजे सात लाख सत्याहत्तर हजार सहाशे. आडव्याला साडेसतरा लाख, उभ्याला पावणेआठ. रुपयातले सात आणे! कॅमेरा तोच, फी तीच, माणूस तोच. फक्त त्याने मनगट नव्वद अंशात वळवलं, एवढ्यासाठी नऊ आणे दंड. जाहिरातीत बिल्ट-अप एरिया दाखवायचा आणि ताबा देताना कार्पेट मोजायचा, ही कला उपनगरात आपण बिल्डरांकडून शिकलो. पण बिल्डरसुद्धा 'तुम्ही उंच आहात म्हणून तुम्हाला अर्धी खोली' असं म्हणत नाही.

हे असं का झालं, ते समजायला थोडा इतिहास पाहावा लागेल. घाबरू नका, फार मागे नेत नाही, १८५४पर्यंतच जाऊ. त्या साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. आशियातल्या अगदी पहिल्यांपैकी ती एक. त्या काळी फोटो लहान करण्याचा प्रश्नच नव्हता. निगेटिव्ह जेवढी, कागदावरचा छाप सहसा तेवढाच. मोठा फोटो हवा असेल तर मोठा कॅमेरा घ्यायचा आणि तो उचलायला दोन माणसं ठेवायची. त्या मंडळींना 'दोन एमबीच्या आत' असं सांगितलं असतं, तर त्यांनी ते दोन मणाच्या आत असं ऐकून सुटकेचा निःश्वास टाकला असता.

पुढे एन्लार्जर आला, ब्रोमाइड कागद आला, आणि १९३७ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया निघाली. १९५०मध्ये युरोपात 'फिआप' हा छायाचित्रणाचा जागतिक महासंघ उभा राहिला. त्यानंतर तीन वर्षांनी, १९५३ साली, आपल्याकडे फेडरेशन ऑफ इंडियन फोटोग्राफी आली. स्पर्धांना 'सलॉन' म्हणत, आणि अजूनही म्हणतात. मुलुंडच्या माणसाने 'माझे तीन फोटो सलॉनमध्ये लागलेत' असं सांगितलं, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे केस कापायच्या दुकानातली भिंत येते, ते सोडा. त्या सलॉनात छाप पाठवायचे. छापाला एक मोठा गुण होता. तो भिंतीवर उभाही लागत असे आणि आडवाही. भिंतीने कधी 'मी फक्त आडवे घेते' असं म्हटलेलं नाही.

मग स्लाइडचा जमाना आला. पस्तीस मिलिमीटरच्या स्लाइडमधलं चित्र २४ गुणिले ३६ मिलिमीटरचं, पण तिची पुठ्ठ्याची चौकट मात्र चौरस. प्रोजेक्टरमध्ये ती आडवी घाला, उभी घाला, पडद्यावर चित्र तेवढंच मोठं. म्हणून तर ते गुंडाळायचे पांढरे पडदेही बहुतेक चौरसच असत. त्या पडद्यामागे एक न्यायबुद्धी होती. आपल्या मध्यमवर्गीय घरात 'आग्फा क्लिक थ्री' नावाचा जो कॅमेरा होता, तो तर प्रश्नच मिटवून टाकी. एका रोलवर बारा फोटो, आणि बाराही चौरस. मुंजीत बटू उभा असो की झोपलेला, त्याला सारखीच जागा. बाराच्या बारा फोटोंत बटूचं डोकं कापलेलं असायचं ही गोष्ट वेगळी. पण त्यात उभा-आडवा असा पंक्तिप्रपंच नव्हता.

पंक्तिप्रपंच आला तो डिजिटल प्रोजेक्टरबरोबर. पहिल्यांदा १०२४ गुणिले ७६८ अशी चौकट होती. मग बऱ्याच ठिकाणी १४०० गुणिले १०५० झाली. आणि मग टीव्हीच्या 'फुल एचडी'च्या मापाने १९२० गुणिले १०८०. फिआपच्या छत्राखाली भरणाऱ्या कित्येक डिजिटल सलॉनांत आज हेच माप चालतं. मधल्या पायरीवरून शेवटच्या पायरीवर जाताना काय झालं ते पाहा. रुंदीला ५२० पिक्सेलची बढती मिळाली, उंचीला ३०ची! एकाच कचेरीत, एकाच वर्षी लागलेल्या दोन कारकुनांपैकी एकाला बंगला आणि दुसऱ्याला महागाई भत्त्यात तीस रुपयांची वाढ दिली, तर युनियन गप्प बसेल का? पण उभ्या फोटोंची युनियन नाही.

थोडक्यात, हे कलम कुणा कलावंताने लिहिलेलं नाही. ते प्रोजेक्टरने लिहिलेलं आहे. यंत्राला जेवढं झेपतं तेवढं त्याने सांगितलं, आणि आपण ते सौंदर्यशास्त्र म्हणून पाठ केलं.

आता कलमातला पुढचा शब्द, जेपीईजी. या शब्दामागे एक गोष्ट आहे आणि ती आपल्याकडच्या माणसाची आहे. बंगळूरला जन्मलेले नासिर अहमद अमेरिकेत कॅन्सस स्टेट विद्यापीठात शिकवत होते. चित्रातली माहिती कमी जागेत बसवण्याची एक गणिती कल्पना त्यांना सुचली होती. १९७२ साली त्यांनी तिच्या अभ्यासासाठी तिथल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे पैसे मागितले. अर्ज नामंजूर झाला. त्यांनी काम तरीही चालू ठेवलं, आणि टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह जानेवारी १९७४मध्ये निबंध छापला. हीच ती 'डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म'. १९९२ साली ठरलेलं जेपीईजीचं प्रमाण तिच्यावरच उभं आहे. म्हणजे नापास झालेल्या एका प्रवेशिकेच्या जोरावर आज जगातल्या सगळ्या स्पर्धा भरतात. फोटो नाकारला गेला की मी हौशी मंडळींना ही गोष्ट सांगतो. त्यांना ती आवडते. त्या गोष्टीत फोटो नाही, हे त्यांच्या लक्षात येत नाही.

जेपीईजी करतं काय? ते फोटोचे आठ गुणिले आठ ठिपक्यांचे चौकोन पाडतं. प्रत्येक चौकोनातल्या चौसष्ट ठिपक्यांची तपशीलवार हकिगत सांगण्याऐवजी ते त्याचा गोषवारा लिहितं: एकूण उजेड एवढा, डावीकडून उजवीकडे एवढा उतार, मधे थोडी खळबळ. मग त्या गोषवाऱ्यातली जी बारीकसारीक कुरबुर आहे ती शून्य धरून टाकतं. रंगाच्या बाबतीत तर ते आणखी मोकळ्या हाताने वागतं. आपला डोळा उजेडातला फरक चटकन टिपतो, रंगातला तितका नाही. म्हणून रंगाची माहिती बऱ्याचदा निम्म्या रुंदीने आणि निम्म्या उंचीने साठवतात. थोडक्यात, जेपीईजी हा एक समीक्षकच आहे. कादंबरी सहाशे पानांची असते. तो दीड पानात आशय सांगतो आणि 'बाकी तपशील पाल्हाळिक आहे' म्हणतो. वाईट म्हणजे, पुष्कळदा त्याचं बरोबर असतं.

दाबणं आणि बारीक करणं या दोन वेगळ्या क्रिया आहेत, हे मात्र लक्षात ठेवलं पाहिजे. ठिपकेच कमी करणं म्हणजे बोरिवलीच्या फलाटावरच्या चौदा माणसांपैकी तेरांना घरी पाठवणं. दाबणं म्हणजे चौदाही जणांना एकाच दारातून गाडीत कोंबणं. दारात उभा असलेला चर्चगेटला उतरतो तेव्हा माणूस तोच असतो. शर्टाची इस्त्री, वरचं बटण आणि सकाळचा स्वभाव तेवढा वाटेत गेलेला असतो. जेपीईजीही असाच प्रवास करवतं. फाइल उघडली, थोडा बदल केला, पुन्हा जेपीईजीतच ठेवली, की झाली आणखी एक फेरी. पाच-सहा फेऱ्यांनंतर फ्लेमिंगोच्या पिसांची परिस्थिती संध्याकाळी सहाच्या विरार फास्टमधून उतरलेल्या माणसासारखी होते.

या विषयावर आमच्या उपनगरांत काही अंधश्रद्धाही रुजल्या आहेत. त्यांतली थोर अंधश्रद्धा म्हणजे 'तीनशे डीपीआय'. फोटो पाठवण्याआधी तो तीनशे डीपीआय केला की त्याच्यात प्राण येतो अशी समजूत आहे. हा आकडा छपाईपुरता असतो: कागदाच्या एका इंचात किती ठिपके मांडायचे एवढंच तो सांगतो. पडद्यावर १९२० ठिपके ते १९२०च. त्यांच्या कपाळावर ७२ लिहा नाहीतर ३०० लिहा. दुसरी अंधश्रद्धा 'क्वालिटी नव्वद'. नव्वद म्हणजे फोटोतलं नव्वद टक्के शिल्लक राहिलं असा तिचा अर्थ नाही. ती खटक्याची एक जागा आहे, पंख्याच्या रेग्युलेटरसारखी. पंखा चारवर ठेवला म्हणजे उकाडा चार टक्के राहतो का? तिसरी म्हणजे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवून तिथून उतरवून घेणं. व्हॉट्सअ‍ॅप फोटो बारीक करतं आणि कॅमेऱ्याने आत लिहिलेली नोंदही पुसतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तरच तो जसाच्या तसा पोचतो.

फोटो बारीक करण्याचं आमचं खरं गुरुकुल मात्र स्टेशनाबाहेरचा झेरॉक्सवाला. बँकेच्या परीक्षेच्या अर्जात फोटो वीस ते पन्नास केबीच्या दरम्यान आणि सही दहा ते वीस केबीच्या दरम्यान लागते. त्यामुळे त्याच्या हाताला तेच वळण. आमच्या सोसायटीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकू त्याच्याकडे एक फोटो घेऊन गेल्या. त्याने मान वर न करता विचारलं, "काकू, कुठली परीक्षा?"

"परीक्षा नाही रे, स्पर्धा आहे."

"तेच ते. अठ्ठेचाळीस केबी करून दिला बघा. रिजेक्ट होणार नाही."

काकूंनी त्याच्या हातून फाइल कशीबशी सोडवली आणि भाच्याकडून नियमाप्रमाणे फोटो करून घेतला. त्या फोटोची हकिगत मला मुद्दाम सांगायची आहे, कारण माझ्या समीक्षेचा सगळा भार त्याच्यावर आहे.

आमच्या समोरची चार मजली इमारत पुनर्विकासात गेली आणि तिच्या जागी चौदा मजली उभी राहिली. तिला बाहेरून रंग लावायचा म्हणून बांबूची परांची बांधत होते. काकूंनी आपल्या गॅलरीतून कॅमेरा उभा धरून एक फोटो काढला. खाली जमिनीवर एक माणूस बांबू दोराला बांधून मान मागे टाकून वर पाहतो आहे. वर तेराव्या मजल्यापाशी दुसरा माणूस परांचीवर पाय रोवून तो दोर ओढतो आहे. दोघांच्या मधे तेरा मजले आणि एक दोर. बस, एवढाच फोटो. पण तो पाहिला की पोटात कालवतं. वरच्याचा तोल खालच्याच्या गाठीवर आहे, आणि खालच्याचं डोकं वरच्याच्या मुठीवर.

मूळ फोटोत वरचा माणूस १८० पिक्सेल उंच होता आणि दोर जेमतेम दोन पिक्सेल जाड. सहा हजारांची उंची १०८०वर आणली की प्रत्येक गोष्ट साडेपाच पटीने लहान होते. माणूस झाला बत्तीस पिक्सेलचा. हरकत नाही, बारीक का होईना, दिसत होता. दोर झाला एका ठिपक्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. आता एका ठिपक्याचा तिसरा हिस्सा दाखवता येत नाही. त्याचा रंग आजूबाजूच्या फिकट भिंतीत मिसळला, आणि उरलीसुरली छटा जेपीईजीने 'बारीकसारीक कुरबुर' म्हणून शून्य धरली. फाइल दोन एमबीच्या आत होती यात आश्चर्य नाही. ७२० गुणिले १०८०च्या फोटोला दोन एमबी भरायचे म्हटले तरी भरत नाहीत. वाढपी म्हणतो हवं तेवढं घ्या, आणि पुढ्यात ठेवलेली वाटी तीर्थाची!

स्पर्धेचा निकाल लागला. फोटो नाकारला गेला होता. कौतुकाची गोष्ट म्हणजे परीक्षकांनी शेरा दिला होता. 'वरची व्यक्ती आणि खालची व्यक्ती यांचा परस्परांशी संबंध जाणवत नाही. दोन स्वतंत्र छायाचित्रे केल्यास प्रभावी ठरतील.'

परीक्षकांची चूक नव्हती. त्यांच्यापुढे जो फोटो आला, त्यात खरोखरच दोर नव्हता.

माझी तक्रार नेमकी ही आहे. आपण समजतो की फोटो बारीक केला म्हणजे तोच फोटो बारीक झाला. तसं होत नाही. काही फोटो बारीक होतात. काही फोटो दुसरेच होतात. एकच पक्षी, मागे धूसर हिरवं. एकच सुरकुतलेला चेहरा, मागे काळोख. धुक्यात एकच होडी: असे फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढे केले तरी तेच राहतात. ज्या फोटोत मोठ्या जागेत लहान गोष्टी आहेत, ज्याच्यावरून नजर हळूहळू फिरवावी लागते, तो मात्र या चाळणीतून गळून पडतो. आणि चाळणीवर जे राहतं त्याला आपण बक्षीस देतो. वर्षानुवर्षं तेच झाल्यावर हौशी माणूस शहाणा होतो. तो कॅमेरा उभा धरणंच सोडतो. पुढे तर तो कॅमेरा डोळ्याला लावतानाच चाळणीतून पाहतो. सगळ्या सलॉनांत तीच होडी, तेच धुकं, तोच सुरकुतलेला म्हातारा का असतो, याचं उत्तर अभिरुचीत शोधायची गरज नाही. ते सातव्या कलमात आहे.

आयोजकांची बाजूही ऐकली पाहिजे. ही मंडळी बहुधा पदरमोड करून स्पर्धा भरवतात. हजारो फाइली येतात. त्या उतरवायच्या, तपासायच्या, परीक्षकांना दाखवायच्या. मापाचा काहीतरी नियम लागणारच. शिवाय या नियमाने एक पुण्यही केलं आहे. साधा मोबाइल आणि तोफेएवढी लेन्स लावलेला कॅमेरा, दोघांनाही तो त्याच साडेसतरा लाखांवर आणून बसवतो. पंढरीच्या वाटेवर सगळे सारखे, तसं. श्रीमंत ठिपक्यांचा माज उतरवणारा नियम मला मनापासून आवडतो. पण समता करायची तर ती उभ्या-आडव्यातही करा की!

उपायही काही अवघड नाही. चौकट चौरस ठेवा. नाहीतर 'लांब बाजू इतकी' एवढंच म्हणा. कित्येक स्पर्धा तसं म्हणतात. प्रोजेक्टर आडवा आहे ही सबब आता फारशी उरलेली नाही. बरेचसे परीक्षक घरी बसून पडद्यावर फोटो पाहतात, आणि तिथे फोटो मोठा करून बघायला बोटं पुरतात. निदान शेवटच्या फेरीत पोचलेल्यांची मूळ फाइल मागवून पाहा. मोठ्या स्पर्धा हे करतातच. आमच्या आरे कॉलनीतल्या गल्लीतून रात्री निघालेल्या बिबट्याचा नयन खानोलकरांनी काढलेला फोटो २०१६ साली लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या वन्यजीव छायाचित्र-स्पर्धेत शहरी विभागात पहिला आला. त्या स्पर्धेत अखेरच्या टप्प्यावर कॅमेऱ्यातली मूळ कच्ची फाइल दाखवावी लागते. तिचा हेतू फसवणूक पकडण्याचा आहे, हे खरं. पण फसवणूक पकडायला मूळ फाइल पाहता येते, तर दोर पाहायला का पाहता येऊ नये?

तोवर हौशी मंडळींनी आपल्यापुरतं एवढं करावं. मूळ फाइल जपून ठेवावी, तिच्यावर कधीही लहान प्रत चढवू नये. बारीक करायचं ते एकदाच, थेट मूळ फाइलवरून. धार द्यायची ती बारीक केल्यानंतर, आधी नाही. रंगाची मोजपट्टी एसआरजीबी ठेवावी, म्हणजे परीक्षकांच्या पडद्यावर काकूंची लाल साडी विटकरी होत नाही. आणि पाठवण्यापूर्वी ती बारीक प्रत स्वतः उघडून एकदा नीट पाहावी. आपल्या फोटोतला दोर कुठला, हे आपल्यालाच ठाऊक असतं. तो उरला आहे का, एवढं पाहावं. नसेल उरला, तर तो फोटो पाठवू नये, छापावा.

काकूंनी तेच केलं. बारा गुणिले अठरा इंची छाप काढला आणि सेक्रेटरींच्या परवानगीने खाली नोटीस बोर्डाशेजारी लावला, थकबाकीदारांच्या यादीला लागून. त्यामुळे तो सर्वांनी पाहिला. त्यात वरचा माणूस अंगठ्याच्या नखाएवढा आहे आणि दोर केसाएवढा. पहिल्या दिवशी वॉचमन त्याच्यापुढे बराच वेळ उभा होता. पूर्वी तो स्वतः परांचीवर कामाला होता. त्याने खालच्या बांबूवर बोट ठेवलं आणि दोरावरून ते हळूहळू वर, तेराव्या मजल्यापर्यंत नेलं. मग म्हणाला, "वरचा नवीन आहे. दोर हाताला गुंडाळलाय. असा गुंडाळायचा नसतो."

माझ्या मते छायाचित्रावरचं इतकं चांगलं परीक्षण अलीकडे कुठल्याही सलॉनात झालेलं नाही.

तेव्हा नियमावली लिहिणाऱ्यांना एक विनंती. उपनगरातला माणूस जन्मभर उभाच असतो. लोकलमध्ये उभा, रिक्षाच्या रांगेत उभा, पाणी येईपर्यंत नळाशी उभा, आणि आता तर त्याचं घरही जमिनीवर बसायचं सोडून चौदा मजले उभं राहिलं आहे. त्याला बसायला जागा द्या असं मी म्हणत नाही. ते कुणालाच जमलेलं नाही. निदान फोटोत तरी त्याला त्याच्या पुऱ्या उंचीने उभं राहू द्या.